पाळणाघरातील खेळ आणि मुलांची वाढ : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी मुलाला न्यायला आलेले पालक दारातच बहुधा दोन प्रश्न विचारतात. पहिला ‘जेवला का?’ आणि दुसरा ‘आज काय शिकवलं?’ पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिले आहे. ही उत्तरे सहा महिने ते सहा वर्षे या वयाच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

मुले दिवसभर खेळतच असतात. मग ती शिकतात केव्हा?

खेळतानाच शिकतात, त्यांच्यासाठी शिकण्याची दुसरी वेळ नसते. एक साधे दृश्य पाहा. घमेल्यात पाणी आहे, शेजारी एक लोटी, दोन वाट्या, एक गाळणी आणि पुसायला फडके ठेवले आहे. अडीच वर्षांचे मूल लोटीतले पाणी वाटीत ओतते. पहिल्यांदा निम्मे बाहेर जाते. पुन्हा ओतताना ते लोटी हळू कलती करते, डोळे वाटीच्या काठावर ठेवते आणि पाणी काठाशी आले की हात थांबवते. हात थांबवण्याच्या त्या क्षणात पकड, मनगटाचा वळसा, डोळे आणि हात यांचा मेळ, अंदाज आणि स्वतःला आवरणे या सर्व गोष्टी एकत्र आलेल्या असतात. मग गाळणीत पाणी राहत नाही हे त्याच्या लक्षात येते आणि ते तीच गाळणी आठ-दहा वेळा भरून पाहते. शेजारचे मूल लोटी मागते, तेव्हा ‘थांब, माझं झालं की देतो’ हे वाक्य तयार होते. सांडलेले पाणी पुसणे हासुद्धा त्या खेळाचाच भाग असतो, आणि पुष्कळ मुलांना ओतण्यापेक्षा पुसणेच अधिक आवडते.

शारीरिक, बौद्धिक, भाषिक, सामाजिक आणि भावनिक अशी विकासाची पाच अंगे पुस्तकांत सांगितलेली असतात. ही वाटणी अभ्यासकांच्या सोयीची आहे. मूल काही सकाळी दहा ते साडेदहा शारीरिक आणि नंतर भावनिक असे वाढत नाही. एका घमेल्यापाशी पाचही अंगांचे काम एकाच वेळी चालते. म्हणूनच ‘आज काय शिकवलं’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘पाणी खेळले’ हेच असते, आणि ते ऐकून पालकांचा चेहरा किंचित पडतो याची आम्हांला सवय झाली आहे.

एक वर्षाच्या आतले बाळ काय खेळणार?

त्याचा पहिला खेळ म्हणजे जमिनीवर पालथे पडून मान उचलणे. जागे असलेल्या आणि अजून रांगत नसलेल्या बाळाला दिवसातून सर्व मिळून निदान अर्धा तास पालथे ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. हा अर्धा तास तुकड्या-तुकड्यांनी मिळाला तरी चालतो, मात्र त्या वेळी कोणीतरी समोर असले पाहिजे. गोधडीवर पालथ्या पडलेल्या बाळासमोर स्टीलची चकचकीत वाटी ठेवली, तर ती गाठण्यासाठी ते जी धडपड करते तिच्यातून मान, खांदे आणि पाठ घट्ट होतात. पुढे बसणे, रांगणे आणि कितीतरी वर्षांनी लेखणी धरणे हे सर्व याच खांद्यांवर उभे राहते.

त्यानंतर येतात मांडीवरचे खेळ : आपडी थापडी, करंगळी मरंगळी आणि पदराआडून केलेले ‘कुक’. आपल्या आज्या हे खेळ कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय खेळत आल्या, आणि त्यांची रचना बारकाईने पाहिली तर थक्क व्हायला होते. त्यांत एक ठरलेली लय असते, एका ठरलेल्या जागी गुदगुल्या येतात, आणि त्या येण्याआधी मोठे माणूस क्षणभर थांबते. त्या थांबण्यात बाळ पुढच्या गोष्टीची वाट पाहायला शिकते. दोन-चार दिवसांनी गुदगुल्यांआधीच ते हसू लागते, म्हणजे क्रम त्याच्या ध्यानात राहिलेला असतो. आपण काही करायचे, बाळाने हसून किंवा हुंकाराने उत्तर द्यायचे, मग पुन्हा आपण, ही देवाणघेवाण पुढच्या सर्व संभाषणांचा सांगाडा आहे.

सकाळी बाळाला सोडताना त्याची नजर चुकवून निघून जावे का?

जाऊ नये. हा प्रश्न खेळाच्या पानावर का, असे वाटेल. पण ‘कुक’च्या खेळाशी त्याचा थेट संबंध आहे. साधारण आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास बाळाला कळू लागते की दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने या जाणिवेचा बारकाईने अभ्यास केला होता. आई दिसत नाही म्हणजे ती कोठेतरी आहे, मग ती माझ्याजवळ का नाही, हे कळण्याइतकी समज आली की निरोपाच्या वेळचे रडणे वाढते. पूर्वी कोणाकडेही जाणारे बाळ अचानक चिकटू लागते ते याच काळात. पदराआडचा चेहरा दर वेळी परत येतो हे त्याने शंभर वेळा अनुभवलेले असते, आणि निरोप हा त्याच खेळाचा लांबलेला प्रकार आहे. ‘मी जाते, दुपारचं दूध झालं की येते’ असे सांगून, हात हलवून गेलात तर बाळ रडेल, पण तुमचे येणे त्याला गृहीत धरता येईल. लपून गेलात तर पुढचे कित्येक दिवस ते खेळणे सोडून दाराकडे पाहत बसते, आणि दाराकडे लक्ष असलेल्या बाळाचा खेळ होत नाही.

ते तोच तोच खेळ का खेळते? वस्तू मुद्दाम खाली का टाकते?

कारण त्याचे काम पूर्ण झालेले नसते. उंच खुर्चीतून चमचा टाकणारे दहा महिन्यांचे बाळ खोडसाळपणा करत नाही; चमचा दर वेळी खालीच जातो का, आवाज तोच येतो का, आणि ताई दर वेळी उचलून देतात का, असे तीन प्रयोग ते एकाच वेळी करत असते. तिसऱ्या प्रयोगाचा निकाल आमच्या कमरेवर अवलंबून असतो, हा भाग वेगळा. दीड वर्षाचे मूल डब्यांना झाकणे लावण्यात अर्धा तास घालवते, कारण कोणते झाकण कोणत्या डब्याचे हे प्रथम हाताला कळते आणि पुष्कळ नंतर डोळ्यांना. त्या अर्ध्या तासात ‘चल, आता दुसरं काहीतरी करू’ असे म्हणणे हा आमच्या मते पाळणाघरात होणारा सर्वांत सामान्य अपराध आहे. विविधतेची हौस मोठ्यांची असते.

दोन वर्षांचा मुलगा इतरांत मिसळत नाही, बाजूला बसून एकटाच खेळतो. काळजी करावी का?

बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळातील सहभागाचे टप्पे मांडले : नुसते इकडेतिकडे पाहणे, एकट्याने खेळणे, दुसऱ्यांचा खेळ पाहत राहणे, दुसऱ्याच्या शेजारी बसून पण आपापले खेळणे, थोडी देवाणघेवाण करत खेळणे आणि शेवटी एकत्र ठरवून खेळणे. दोन वर्षांच्या सुमारास शेजारी-शेजारी पण वेगवेगळे खेळणे हे अगदी वयाला धरून आहे. दोघे वाळूत बसलेले असतात, एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकाने खड्डा केला की थोड्या वेळाने दुसराही करतो. हे मिसळणेच आहे, फक्त त्याला आवाज नाही. पुढच्या वयातही मुले हे सर्व प्रकार आलटून पालटून खेळतात. पाच वर्षांच्या मुलीला एखाद्या दुपारी एकटीने मणी ओवावेसे वाटले, तर तिला ओढून गोलात बसवण्याची गरज नसते.

खेळणी वाटून घेण्याविषयीही हेच म्हणता येईल. ‘माझं’ म्हणजे काय हे नीट कळल्याशिवाय ‘तुला देतो’ याला अर्थ येत नाही. म्हणून दोन वर्षांच्या गटात आम्ही एकसारख्या दोन-तीन वस्तू ठेवतो, आणि पाळीने घेण्याचे खेळ तीन वर्षांनंतर सुरू करतो. चावण्याचे प्रकार बहुतेक शब्द अपुरे पडल्याने होतात. चावणाऱ्या मुलावर ‘दुष्ट’ असा शिक्का मारू नये, ही दोन्ही बाजूंच्या पालकांना विनंती आहे.

भातुकलीला तुम्ही इतका वेळ का देता?

कारण आमच्या दृष्टीने पाळणाघरातील सर्वांत मोठा वर्ग तोच आहे. दीड-दोन वर्षांचे मूल रिकामी वाटी तोंडाला लावून ‘प्यायल्यासारखे’ करते, तेथून हा प्रवास सुरू होतो. तीन वर्षांच्या मुलीच्या बोळक्यात खडा असतो आणि ती त्याला बटाटा म्हणते. खडा हा बटाटा नाही हे तिला पक्के माहीत असते. तरीही एका वस्तूने दुसऱ्या वस्तूच्या जागी उभे राहावे, हे तिने स्वीकारलेले असते. पुढे ‘क’ ही आकृती एका ध्वनीच्या जागी आणि ‘३’ ही आकृती तीन वस्तूंच्या जागी उभी राहते, तेव्हा मनाची हीच तयारी उपयोगी पडते.

भातुकलीतले नियम कोणी लिहून दिलेले नसतात, पण ते कडक असतात. ‘तू बाळ झालीयेस ना, मग बाळानं गॅसपाशी यायचं नाही’ असे सांगितल्यावर एरवी जागेवर न बसणारी मुलगी दहा मिनिटे गोधडीवर पडून राहते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी याकडेच लक्ष वेधले होते : खेळात मूल आपल्या वयाच्या पुढे जाऊन वागते, कारण भूमिकेचा नियम त्याने आपखुशीने पत्करलेला असतो. स्वतःला आवरण्याचा असा सराव ‘शांत बस’ असे शंभर वेळा सांगूनही होत नाही.

मराठीच्या दृष्टीने तर भातुकली अनमोल आहे. कोणाला ‘अहो’ म्हणायचे, कोणाला ‘अगं’, पाहुण्यांना ‘या, बसा’ आणि धाकट्याला ‘ये, बस’, हे व्याकरण मुले येथे गिरवतात. चार वर्षांची मुलगी आजीची भूमिका घेते तेव्हा तिचा आवाज, वाक्यांची लांबी आणि क्रियापदांची रूपे सगळीच बदलतात. चार पाहुण्यांसाठी चार वाट्या मांडताना एक कमी पडली की गणित सुरू होते. भातुकलीचा संसारही काळाबरोबर बदलतो. हल्ली दारात ‘पार्सल आलंय, ओटीपी सांगा’ म्हणणारे पात्र हमखास असते, आणि एक मूल लॅपटॉप म्हणून पाट उघडून ‘माझी मीटिंग चालू आहे’ असे बजावते. या संवादांतून तुमच्या घरातील पुष्कळ गोष्टी आम्हांला कळतात. त्या आम्ही कोठेही सांगत नाही.

मुलाने भातुकली खेळलेली चालेल का?

चालेल. आमच्याकडे सर्वांत निगुतीने बोळकी घासून ठेवणारे बहुधा मुलगेच असतात.

लिहायला केव्हा शिकवणार? शेजारच्या नर्सरीत तीन वर्षांची मुले अक्षरे काढतात.

अक्षरे काढून घेता येतात, हे खरे आहे. प्रश्न असा, की त्यासाठी मुलाला कोणती किंमत मोजावी लागते. जन्माच्या वेळी मनगटातील लहान हाडे अजून कूर्चेच्या, म्हणजे मऊ, लवचिक हाडासारख्या अवस्थेत असतात आणि पुढे कित्येक वर्षे ती हळूहळू घट्ट होत जातात. आकृत्या पाहून काढण्याचाही एक क्रम असतो : साधारण तीन वर्षांचे मूल वर्तुळ काढू लागते, चार वर्षांच्या सुमारास फुली आणि चौकोन जमतो, आणि तिरक्या रेषांचा त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास येतो. देवनागरी अक्षरात उभी रेषा, गोलाई, गाठ, तिरका फाटा आणि शिरोरेषा हे सर्व एकत्र असते. ज्या हाताला त्रिकोण येत नाही त्या हाताकडून ‘क्ष’ची अपेक्षा करणे म्हणजे पाया खोदण्याआधी गच्चीला रंग देण्यासारखे आहे.

हाताची तयारी लेखणीआधी पुष्कळ गोष्टींनी होते. कणीक मळून तिच्या गोळ्या करणे, शेंगा सोलणे, मटार निवडणे, ओले फडके पिळणे, कपड्यांना चिमटे लावणे, मणी ओवणे, जाड खडूने फरशीवर मोठमोठ्या रेघा ओढणे, रांगोळी चिमटीतून सोडणे ही त्यांतली काही. रांगोळीची चिमूट आणि लेखणीची पकड यांत अंगठा व पहिली दोन बोटे तेच काम करतात. उभ्या फळ्यावर किंवा भिंतीवर काढताना खांदा आणि मनगटही कामाला लागते, म्हणून आम्ही भिंतीचा खालचा भाग काळ्या रंगाने रंगवून मुलांना मोकळा करून दिला आहे.

धोरणाची साक्ष हवी असेल तर तीही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानून तो खेळावर आणि कृतीवर आधारलेला असावा असे म्हटले. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार तीन ते सहा या वयासाठी पाठ्यपुस्तके नेमायची नाहीत. त्यापुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, या टप्प्यासाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळण्यांचा, कोड्यांचा आणि बाहुल्यांचा संच काढला. तरीही प्रवेशाच्या वेळी तीन वर्षांच्या मुलांना अक्षरे विचारणाऱ्या शाळा आहेत, आणि त्या भीतीने पालक आमच्याकडे गृहपाठ मागतात. त्यांची भीती आम्हांला कळते. गृहपाठ मात्र आम्ही देत नाही.

मग गणित?

डाळी निवडणे हा आमचा आवडता तास आहे. मोठ्या राजमा आणि वालाच्या दाण्यांची मिसळ चार वर्षांच्या मुलांपुढे ठेवली की ती वेगळी करतात. हे वर्गीकरण झाले. लहान-मोठ्या वाट्या एकात एक बसवणे हा चढता-उतरता क्रम झाला. जेवणाच्या वेळी प्रत्येक ताटापाशी एक चमचा ठेवणे ही एकास-एक संगती. ‘एक, दोन, तीन’ पाठ म्हणणे आणि तीन चमचे आणून देणे यांत मोठे अंतर आहे, हे पालकांनी घरी करून पाहावे : वीसपर्यंत म्हणणारे मूल ‘मला चार बटाटे दे’ म्हटल्यावर पुष्कळदा ओंजळभर आणते. तसेच उंच पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले की ते ‘कमी झालं’ असे चार वर्षांचे मूल ठामपणे सांगते. त्याला दुरुस्त करण्याची घाई करू नये. सहा-सात वर्षांच्या आसपास ते स्वतःच हसून ‘तेवढंच आहे’ म्हणते, आणि तोपर्यंत त्याने पुष्कळ पाणी ओतलेले असावे एवढीच आपली जबाबदारी असते.

घरी आम्ही अहिराणी बोलतो. मुलाचा गोंधळ होईल का? इंग्रजी केव्हा?

गोंधळ होत नाही. लहान मुले एकाहून अधिक भाषा सहज पेलतात आणि मध्येच दोन्ही मिसळणे हा त्या पेलण्याचाच भाग असतो. घरची भाषा अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी, हिंदी यांपैकी कोणतीही असो, ती घरी भरपूर बोला. तिच्यातले खेळ आणि गाणी आमच्या ताईंना शिकवा, आम्ही ती इतर मुलांबरोबरही खेळू. आपली बोली ताईंच्या तोंडून ऐकल्यावर अबोल मूल बोलू लागते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. इंग्रजी शब्द मुलांच्या कानांवर तसेही पडत असतात. ज्या भाषेत मूल भांडते आणि लाडीगोडी लावते ती भाषा आधी पक्की होऊ द्यावी.

धावपळ किती असावी? आमच्या इमारतीला अंगण नाही.

एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात निदान १८० मिनिटे हालचाल करावी आणि तीन वर्षांपुढे त्यांतील ६० मिनिटे दम लागेल अशी असावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन तास हा आकडा मोठा वाटतो, पण त्यात चालणे, जिना चढणे, वाकून वस्तू गोळा करणे हे सर्व धरलेले असते. शिवणापाणी, डोंगर-पाणी, आंधळी कोशिंबीर यांसाठी दोन खोल्यांची जागाही पुरते. चार-पाच वर्षांच्या मुलांना लंगडी जमू लागते आणि एका पायावर तोल सांभाळण्याइतकेच तिथे बाद झाल्यावर बाहेर बसणेही शिकायचे असते. लगोरी रचताना तर दोन्ही हातांची स्थिरता आणि अंगावर येणाऱ्या चेंडूची भीती एकाच वेळी सांभाळावी लागते. पावसाळ्यात चार महिने खोलीत कोंडून घेणे आम्हांला पसंत नाही. कमी पावसात मुले बाहेर जातात, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत पिशवीत कपड्यांचा एक जास्तीचा जोड असू द्यावा.

मोबाईलवरची शैक्षणिक गाणी दाखवता का?

नाही. त्याच संघटनेच्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांत ही वेळ एका तासापेक्षा जास्त नसावी. तो एक तास आम्ही तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. पडद्यावरचे गाणे मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. वर सांगितलेल्या आपडी थापडीत सगळे महत्त्व त्या थांबण्याला आहे.

कोणती खेळणी आणून द्यावीत?

कमी. विकत घ्यायचीच असतील तर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह पाहून घ्यावीत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील मुलांजवळ सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू ठेवू नये, कारण ती घशात अडकू शकते. या नियमात चिंचोके, सागरगोटे, मणी, शेंगदाणे आणि नाणी सगळीच येतात, म्हणून डाळींचे आणि मण्यांचे खेळ आमच्याकडे तीन वर्षांवरील गटातच, ताई समोर बसलेल्या असतानाच होतात. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांविषयी आम्ही जरा कठोर आहोत. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते. नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दिवे लागणारी आणि गाणी म्हणणारी खेळणी याच कारणासाठी आम्ही परत पाठवतो. शिवाय अशा खेळण्यात सगळे काम खेळणेच करते, मूल फक्त कळ दाबते.

ताई तर नुसत्या बसलेल्या दिसतात. त्या शिकवत का नाहीत?

ही तक्रार दर वर्षी येते, आणि तिचे उत्तर द्यायला आम्हांला आवडते. बसलेल्या ताई पाहत असतात, आणि पाहणे हे या कामातील सर्वांत कठीण कौशल्य आहे. मूल कोठे अडले आहे, स्वतः सुटेल का, की एक चमचा पुढे सरकवायला हवा, हे ठरवण्यासाठी आधी हात आवरून बसावे लागते. ठोकळ्यांचा मनोरा पडत असेल तर चांगल्या ताई तो रचून देत नाहीत. ‘मोठा ठोकळा खाली ठेवला तर?’ एवढेच म्हणतात, आणि तेही तिसऱ्यांदा पडल्यावर.

बोलण्याचेही तसेच. ‘हा कोणता रंग? ही किती?’ अशा परीक्षेच्या प्रश्नांनी खेळ थांबतो, कारण ताईंना उत्तर माहीत आहे हे मुलाला ठाऊक असते. त्याऐवजी ‘तुझ्या चहात आलं घातलंस वाटतं, वास येतोय’ असे म्हटले की खेळ पुढे जातो आणि मुलाला एक नवा शब्दही मिळतो. मांडणीही ताईंचीच असते : काल गाळणीपाशी कोण रेंगाळले हे लक्षात ठेवून आज त्याच्यासमोर चाळणी आणि रवा येतो. बाहेरून हे सहज घडल्यासारखे वाटते. एका ताईंकडे फार मुले दिली की सर्वप्रथम हे पाहणेच बंद पडते आणि उरते ती राखण. म्हणून पाळणाघर निवडताना भिंतींवरच्या चित्रांपेक्षा एका ताईंकडे किती मुले आहेत, हे आधी विचारावे. चित्रे एकसारखी आणि सुबक असतील तर ती मोठ्यांनी काढलेली आहेत, हेही ओळखावे.

खेळातून शिक्षण ही परदेशी कल्पना नाही का?

ती आपल्याकडे शतकभर रुजलेली आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांची शिकण्याची साधने महाग होती आणि खेड्यातील बालवाडीला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केल्यावर ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, बिया, पाने यांतून साधने घडवली. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी हा शब्द आणि कल्पना दोन्ही पुढे आली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आमचे घमेले आणि डाळी त्याच परंपरेतल्या आहेत, आणि त्यांसाठी वेगळे शुल्क घेण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

खेळताना मूल मागे आहे असे वाटले तर?

मुलांच्या गतीत फरक असतो आणि शेजारच्या मुलाशी तुलना करून काही कळत नाही. तरी काही खुणा दिसल्या तर थांबू नये. वर्षाच्या आसपास नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून काही न दाखवणे, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’ यासारखे दोन शब्द न जोडणे, खोटे-खोटे खेळणे अजिबात न दिसणे, किंवा आलेले कौशल्य कोणत्याही वयात नाहीसे होणे या त्या खुणा आहेत. आपल्या जवळच्या माता व बाल संरक्षण कार्डात वयानुसार टप्पे दिलेले असतात. लसीकरणाबरोबर तेही पाहावेत. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत सल्ला व उपचार मिळतात. आमच्या ताई निदान करत नाहीत. ‘तो आवाजाकडे वळत नाही असे चार दिवस दिसले’ एवढे त्या सांगतील. ते ऐकून रागावू नये आणि कान तपासून घ्यावेत.

घरी आम्हांला खेळायला वेळच नसतो.

वेगळा वेळ काढू नका. भाजी निवडताना मेथीच्या काड्या त्याच्यापुढे टाका, घडी घालताना मोज्यांच्या जोड्या लावायला द्या, पोळीची एक लाटी त्याच्या हातात द्या. त्याची पोळी नकाशासारखी होईल. ती तव्यावर टाका आणि त्याला खाऊ द्या.